बारावा भाग आधी खेळू का? लांबलेल्या मालिकेतला पुढचा गेम जोखताना

मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची दादरला आमच्याकडे राहायला आली होती. कपाटातले व्हिडिओ गेम खालीवर करताना तिच्या हाती ‘फायनल फँटसी’चा बारावा भाग लागला. तिने विचारलं, “मामा, ह्यावर बारा लिहिलंय. म्हणजे आधीचे अकरा खेळावे लागतील का? आणि हा चांगला आहे की नाही, ते मला कसं कळणार? मी तर एकही खेळलेला नाही.”

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा होता. जुन्या मालिकेतला नवा भाग आला की जुने खेळाडू त्याची तुलना लगेच आपल्या आवडत्या भागाशी करतात. नवख्याकडे तुलनेला काहीच नसतं, म्हणून तो दुसऱ्याचं मत उसनं घेतो. तसं करायची गरज नाही. एकही भाग न खेळलेला माणूस नीट मत बनवू शकतो, फक्त काय बघायचं ते माहीत हवं. तिला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं बहुतेक ‘फायनल फँटसी’ची आहेत, कारण ही मालिका मी सर्वांत जास्त खेळलो आहे.

पायरी १ : आकडा काय सांगतो ते बघा

‘फायनल फँटसी’चा पहिला भाग १९८७ साली जपानमध्ये स्क्वेअर कंपनीने काढला. हिरोनोबू साकागुची त्याचे कर्ते. तेव्हापासून सोळा क्रमांकित भाग आले, पण गोष्ट पुढे चालू राहत नाही. प्रत्येक भागात जग नवं, माणसं नवी, कथा नवी. दिवाळी अंकासारखं समजा. नाव तेच, काही सदरं तीच, पण गेल्या वर्षीचा अंक वाचला नाही म्हणून यंदाचा अडत नाही. इथली कायमची सदरं म्हणजे चोकोबो नावाचा पिवळा स्वारीचा पक्षी, सिड नावाचा कोणीतरी माणूस आणि काही मंत्रांची नावं. बारावा आधी खेळला तरी काही बिघडत नाही.

सगळ्या मालिका अशा नसतात. ‘मास इफेक्ट’चे २००७, २०१० आणि २०१२ चे तीन भाग एकाच नायकाची सलग गोष्ट सांगतात आणि पहिल्या भागात घेतलेले निर्णय तिसऱ्यापर्यंत येतात. तिथे मधूनच सुरुवात केलीत तर तुमचंच नुकसान. ‘एल्डर स्क्रोल्स’मध्ये खंड एकच, पण बहुतेक भागांत प्रांत वेगळा, त्यामुळे २०११ चा ‘स्कायरिम’ एकटा खेळता येतो. ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग २०२३ साली आला, दुसऱ्यानंतर तब्बल २३ वर्षांनी. त्याची कथाही शंभराहून जास्त वर्षं पुढे घडते, तरी जुनी काही माणसं त्यात भेटतात. ती ओळखीची असतील तर आनंद जास्त, नसतील तरी गोष्ट कळते.

‘फायनल फँटसी’लाही अपवाद आहे. २००३ चा ‘टेन-टू’ हा दहाव्याचाच पुढचा भाग. तो आधी खेळू नका.

पायरी २ : कोणती आवृत्ती हातात आहे?

ही पायरी लोक टाळतात आणि मग चुकीच्या गेमवर मत देऊन बसतात. बारावा भाग २००६ साली प्लेस्टेशन २ वर आला. त्या मूळ आवृत्तीत सहाही पात्रांना कौशल्यं शिकण्यासाठी एकच परवान्यांचा तक्ता होता. चाळीसेक तासांनी सगळे जण सगळंच शिकलेले असत, आणि तलवारबाज कोण, वैद्य कोण यातला फरक उरत नसे. २००७ साली जपानपुरती एक सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात बारा व्यवसाय आले आणि प्रत्येक व्यवसायाला स्वतःचा तक्ता मिळाला. ती सुधारणा बाकीच्या जगात पोचली ती २०१७ साली, ‘झोडियाक एज’ या नावाने. तिच्यात एका पात्राला दोन व्यवसाय मिळतात, खेळ भरभर पळवायचं बटण आहे आणि आपोआप सेव्ह होण्याची सोय आहे.

त्या २००७ च्या आवृत्तीने मला चांगलाच धडा दिला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने “हीच घ्या, ही नवीन आहे” म्हणत डिस्क दिली. पात्रं इंग्रजीत बोलत होती, पण पडद्यावरचा सगळा मजकूर जपानी होता. मेनू, शस्त्रांची नावं, तक्ते, काहीच वाचता येईना. महिनाभर अंदाजाने खेळलो आणि हा भाग अवघड आहे असं सगळ्यांना सांगत सुटलो. गेम अवघड नव्हता. त्या आवृत्तीत मजकूर जपानीच होता आणि हे विकत घेताना मी विचारलंच नव्हतं. म्हणून आवृत्तीचं नाव, साल आणि भाषा आधी तपासा, मग पैसे द्या.

चौदाव्या भागाचं तर आणखी वेगळं. २०१० साली आलेला हा ऑनलाइन गेम इतका फसला की तो बंद करून २०१३ साली जवळजवळ नव्याने बांधून आणला. आकडा एकच, गेम दोन. तेव्हा चौदाव्याबद्दल कोणी काही सांगितलं तर कधी खेळलात, हे आधी विचारा.

पायरी ३ : काय काढलं आणि त्या जागी काय ठेवलं?

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. लांबलेल्या मालिकेचा प्रत्येक पुढचा भाग काही ना काही काढून टाकतो. जुने खेळाडू त्या गेलेल्या वस्तूसाठी हळहळतात आणि नव्यांना ती कधी होती हेच माहीत नसतं. मी दोन प्रश्न विचारतो. गेलेली वस्तू खेळात कोणतं काम करत होती? आणि तिच्या जागी जे आलं ते तेच काम करतं का?

बाराव्यातून काय गेलं ते बघू. मालिकेच्या मुख्य भागांत तोवर शेतातून किंवा गुहेतून चालताना अचानक पडदा बदलायचा आणि लढाई सुरू व्हायची. शत्रू आधी दिसतच नसे. अकराव्या, ऑनलाइन भागाने ही पद्धत मोडली होती. बाराव्याने ती एकट्याने खेळायच्या गेममधूनही काढली. शत्रू मैदानात फिरताना दिसतात आणि जिथे गाठ पडते तिथेच लढाई होते. दुसरं म्हणजे प्रत्येक पात्राला दर वेळी हाताने हुकूम देण्याची सक्ती गेली.

त्या जागी गॅम्बिट आले. कामावर निघताना आई फ्रिजवर चिठ्ठी लावून जाते ना, दूध आलं की तापव, पाहुणे आले की चहा ठेव, पाऊस आला की कपडे आत घे, तसंच हे. प्रत्येक ओळीत एक अट आणि एक काम. साथीदाराची शक्ती निम्म्याखाली गेली तर त्याला बरं कर. शत्रू उडणारा असेल तर बाण मार. यादी वरून खाली वाचली जाते आणि जी अट आधी लागू पडेल ते काम आधी होतं. म्हणजे क्रम हाच खरा खेळ. सर्वांत वर ‘समोरच्या शत्रूवर हल्ला’ आणि खाली ‘जखमीला बरं कर’ असं लिहिलंत, तर शत्रू समोर असेपर्यंत जखमीकडे कोणी बघणार नाही.

जुनी पद्धत तुमच्याकडून विचार करवून घेत असे: कोणाला आधी बरं करू, कोणता मंत्र वापरू. गॅम्बिटही तोच विचार करवतात, फक्त लढाईच्या आधी. यादी जमली की तीन जणांचा चमू एका हुकमाविना अख्खा भुयारी मार्ग पार करतो. ते बघताना आपण हे घडवलं असं वाटतं. “गेम आपोआप खेळतो, मग मी कशाला?” ही तक्रार खूप ऐकली. मला ती पटत नाही. चिठ्ठी तुम्हीच लिहिली आहे आणि नवा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, समोर आला की ती कोलमडतेच. माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत धाडसी बदल आहे आणि तो साधला.

बाराव्यात जे साधलं नाही तेही सांगतो. नायक वान हा दालमास्का राज्यातला अनाथ पोरगा. कथा मात्र राजकन्या आशची आहे, दोन साम्राज्यांच्या मधे चिरडलेल्या तिच्या राज्याची. पहिल्या काही तासांनंतर वानकडे करण्यासारखं फार उरत नाही. आधीच्या भागांत नायकाच्या मनातली गाठ हीच कथेचा कणा असे. ती इथे काढली आणि त्या जागी राजकारण ठेवलं. राजकारण भक्कम आहे, न्यायाधीशांची चिलखती फौज लक्षात राहते, पण उत्तरार्धात लांबच लांब भुयारं आणि मनोरे येतात, आणि ही माणसं बराच वेळ दिसेनाशी होतात. तिथे गेलेल्या कण्याची उणीव भासते.

आता २००९ चा तेरावा. यातून गावं गेली. बाजार, धर्मशाळा, चौकात उभं राहून गप्पा मारणारी माणसं, काहीच नाही. खरेदीसुद्धा सेव्ह करायच्या खांबावरून होते. वाट सरळ पुढे जाते आणि तेरा प्रकरणांपैकी अकराव्यात मोकळं मैदान मिळतं. लोक या गेमला सरळ वाटेवरून नावं ठेवतात, पण २००१ चा दहावा भागही बराचसा सरळ वाटेवरचाच होता आणि तो लोकांनी डोक्यावर घेतला. दहाव्यात ती यात्रा होती. वारीसारखी, मुक्कामामागून मुक्काम करत जाणारी, प्रत्येक मुक्कामावर गाव आणि देऊळ, आणि तिथे यात्रेला निघालेल्या यूना या नायिकेला हात जोडणारी माणसं. वाट सरळ असण्याला अर्थ होता. तेराव्यातली मंडळी पळून चालली आहेत, त्यांनाही थांबता येत नाही आणि आपल्यालाही. गाव हे श्वास घ्यायचं ठिकाण असतं, आणि ते काम करणारं दुसरं काहीच तिथे ठेवलेलं नाही. लढाईची पद्धत मात्र उत्तम. चमूची भूमिका एका बटणात बदलायची, शत्रूचा तोल जाईपर्यंत दाब वाढवत न्यायचा. हा गेम मी दोनदा पूर्ण केला तो लढायांसाठी.

सोळावा २०२३ साली आला. यात पाळीपाळीने लढणं नाही, कुत्रा सोडला तर साथीदारांना हुकूम देणं नाही आणि आगीचा शत्रू पाण्याला घाबरतो असला पंचमहाभूतांचा हिशेबही नाही. एकट्या नायकाला, क्लाइव्हला, हाताच्या चपळाईने लढवायचं. लढाईची घडण ज्यांनी केली ते र्योता सुझुकी आधी कॅपकॉम कंपनीत ‘डेव्हिल मे क्राय’ या चपळ मारामारीच्या गेमवर काम करत होते, हे पहिल्या तासातच बोटांना कळतं. अजस्र देवतांच्या झुंजी बघताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. पण शस्त्रांच्या निवडीत जीव नाही. नवी तलवार म्हणजे मोठा आकडा, एवढंच. स्वतःच्या आवडीने पात्र घडवणं हा रोल-प्लेइंगमधला, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या अशा गेममधला, मोठा भाग, आणि त्याची जागा निव्वळ चपळाई भरून काढत नाही.

तुम्हाला आधीचे भाग माहीत नसतील तर काय गेलं हे कसं कळणार? गेमबद्दलच्या तक्रारी वाचा. “पूर्वी असं होतं” या शब्दांनी सुरू होणारी प्रत्येक तक्रार म्हणजे गेलेल्या वस्तूचा पत्ता. तक्रारीतला राग सोडून द्या, पत्ता लिहून घ्या.

पायरी ४ : मत बनवायला किती तास?

माझा नियम दहा तासांचा. बाराव्यात गॅम्बिट अगदी सुरुवातीला हातात नसतात, काही तासांनी मिळतात, आणि त्याआधी गेम सोडला तर त्यातली मुख्य गोष्ट तुम्ही पाहिलेलीच नाही. मुख्य कथेलाच साठेक तास लागतात, त्यामानाने दहा हे फार नाहीत.

इथे पैशाचा प्रश्न येतो. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम परत करता येतो, पण घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच. दोन तासांत रोल-प्लेइंग गेमची धड ओळख होत नाही. ते दोन तास एवढंच बघायला वापरा की आपल्या कॉम्प्युटरवर तो नीट चालतो का, अक्षरं वाचता येतात का. गेमची पारख डेमोवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यावर करा. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या अकराव्या भागाच्या सुधारित आवृत्तीचा डेमो सुमारे दहा तासांचा आहे आणि तिथली प्रगती विकत घेतलेल्या गेममध्ये पुढे नेता येते. सोळाव्या ‘फायनल फँटसी’चाही डेमो आहे, त्यातलंही सेव्ह पुढे चालतं.

तेराव्यासारखा भाग वीसेक तासांनंतर मोकळा होतो. त्याच्यासाठी वीस तास द्यायचे का? मी म्हणेन, लढाया आवडत असतील तर द्या. दहा तासांनंतरही लढाई नकोशी वाटत असेल तर पुढे मैदान आहे म्हणून स्वतःला ओढत नेऊ नका.

पायरी ५ : भाषा अवघड गेली तर दोष कोणाचा?

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकांसाठी हे मुद्दाम लिहितो. बाराव्याचं इंग्रजी जुन्या वळणाचं, दरबारी आहे, वेगवेगळ्या प्रदेशांचे लोक वेगवेगळ्या लकबीत बोलतात. अकराव्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये हॉटो नावाचं गाव आहे, तिथली माणसं इंग्रजी आवृत्तीत चक्क हायकूमध्ये बोलतात. माझ्या भाचीला आशचे संवाद पहिल्यांदा कळले नाहीत तेव्हा तिला वाटलं, कथाच विस्कळीत आहे. आम्ही उपशीर्षकं लावली, एक प्रसंग दोनदा ऐकला, मग तिलाच जाणवलं की भाषेमुळे दरबार आणि बाजार वेगळे ओळखू येतात. तेव्हा कथा तुटक वाटली तर आधी उपशीर्षकं लावून बघा. सोळाव्यात त्याहून चांगली सोय आहे: प्रसंग मध्येच थांबवून समोर कोण आहे, कुठलं राज्य आहे, हे वाचता येतं. नवख्याचा इतका विचार केल्याबद्दल त्या गेमला माझ्याकडून पूर्ण गुण.

पायरी ६ : गुण आणि ऐकीव गोष्टी

जपानच्या ‘फामित्सू’ साप्ताहिकाने बाराव्याला चाळीसपैकी चाळीस गुण दिले होते. चार परीक्षक, प्रत्येकी दहा. तरीही या भागावर खेळाडूंचं आजही एकमत नाही. गुणांच्या आकड्यापेक्षा परीक्षकाने काय करायला आवडलं ते वाचा.

निर्मितीच्या कहाण्यांचंही तसंच. बाराव्याचे मूळ दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांनी २००५ साली प्रकल्प सोडला, हे खरं आहे. उत्तरार्ध सैल झाला तो त्यांच्यामुळेच, असं लोक ठामपणे सांगतात. उत्तरार्ध सैल आहे हे आपण पडद्यावर बघू शकतो. कारण कोणाच्या माथी मारायचं हा पारखीचा भाग नाही.

पायरी ७ : तुमच्या दिवसात बसतो का?

मुंबईत राहणाऱ्याला हे बघावंच लागतं. एका खोलीत एक टीव्ही, घरी पोचायला रात्रीचे नऊ. सेव्ह करायला ठरावीक जागा गाठावी लागते का? मूळ बाराव्यात स्फटिक सापडेपर्यंत सेव्ह नव्हतं. जेवायला हाक आली की पाऊण तासाची मेहनत पणाला लागायची. आपोआप सेव्ह आल्यापासून तोच गेम मला लोकलमध्ये हातातल्या कन्सोलवर खेळता आला. डोंबिवली ते दादर, बसायला मिळालं तर एक भुयार होतं. सोळावा मात्र लोकलसाठी नाही. त्याला मोठा पडदा हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत. हा सोळाव्याचा दोष मानू नका, पण तुमच्याकडे फक्त प्रवासाचाच वेळ असेल तर तो गेम आत्ता घेऊ नका.

पायरी ८ : चार ओळी लिहा

दहा तास झाले की वहीत लिहा: किती तास झाले, कोणती आवृत्ती, काय गेलं असं लोक म्हणतात, त्या जागी आलेलं तुमच्यासाठी काम करतं का. तास आणि आवृत्ती लिहायला विसरू नका. त्याशिवायचं मत वाचणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. खेळ पुढे सरकेल तसं ते बदललं तर खाली तारीख घालून नवी ओळ लिहा, जुनी खोडू नका.

भाचीने जूनमध्ये घरी गेल्यावर मला तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. “झोडियाक एज. ११ तास. वान अजून कथेत कशाला आहे कळत नाही. पण काल बरं करायची ओळ सगळ्यांत वर नेली आणि ज्या बॉसकडे चार वेळा हरले त्याला हात न लावता हरवलं. आजी म्हणाली, तू तर नुसती बसली होतीस. मी तिला यादी दाखवली.” त्याखाली गेल्या आठवड्याची तारीख आणि नवी ओळ आहे: “२६ तास. वानबद्दल मत तेच. साथीदार फ्रानसाठी गॅम्बिटची वेगळी यादी केली आहे.”